शोषखड्ड्याआधी मातीची परीक्षा: जांभ्यात पाणी ‘गायब’ होतं, ते जातं कुठे?

सड्यावरचा (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवाय. लांजा तालुक्यात सड्याच्या (जांभ्याच्या माळाच्या) उतारावर आमची वडिलोपार्जित जागा आहे. जुनं घर मोडून नवं बांधतोय. जोतं झालंय, घरभरणी दिवाळीनंतर. आता गाडी अडलीये सेफ्टी टँकवर.

गवंडी म्हणतो, घरामागे जिथे चिरा (जांभा दगड) उघडा पडलाय तिथेच दहा फुटी खड्डा मारू. बिनगिलाव्याचे चिरे लावू, खाली तळ सोडू. “भाऊ, जांभ्यात बादली ओतली की गायब. तुमच्या नातवापर्यंत खड्डा भरायचा नाही.” त्याने बादली ओतून दाखवलीसुद्धा, आणि खरंच गायब झाली.

मला खुपतंय ते वेगळंच. त्या जागेपासून उताराच्या बाजूला शेजारच्या काकूंची विहीर आहे, साधारण पन्नास-पंचावन्न फुटांवर. आमची त्याहून लांब, पण उतारावरच. श्रावणात काकू काठावर बसून तांब्याने पाणी घेतात, इतकं ते वर येतं. खड्ड्यातलं पाणी ‘गायब’ होऊन जातं कुठे? माती या कामाला चालेल का हे तपासायची रीतसर पद्धत आहे का? ग्रामपंचायतीत विचारलं तर नकाशावर टाकी दाखवा एवढंच सांगितलं.

मालवणी_खाजा

आमच्या बांयचा (विहिरीचा) पाणी आषाढात जमनीबरोबर येता. मगे खड्डो खयसून कोरडो रवतलो? तुमच्या काकूक आधी इचारा, माका तरी ह्या बरा दिसणा नाय.

भूगर्भातला_किडा

धागा बरा काढलात. आयुष्य या विषयात गेलंय, त्यामुळे लांबण लागेल.

तुमचा गवंडी ज्याला गुण म्हणतोय तोच या जागेचा सगळ्यात मोठा दोष आहे. शोषखड्ड्यातून निघालेलं पाणी स्वच्छ होतं ते मातीतून हळूहळू झिरपताना. मातीच्या कणांवर जंतू चिकटतात, तिथले सूक्ष्मजीव त्यांचा फडशा पाडतात, आणि कणांच्या मध्ये हवा असल्यामुळे सेंद्रिय घाण कुजून जाते. या सगळ्याला दोन गोष्टी लागतात: वेळ आणि हवा. जांभ्यात नळ्यांसारखी भोकं असतात, भेगा असतात. पाणी त्यातून पळतं, माती त्याला शिवतही नाही. जांभ्याच्या थराखाली बहुतेक ठिकाणी शेडी मातीचा चिकण थर असतो. वरून आलेलं पाणी तिथे अडतं आणि त्या थरावरून उताराच्या दिशेने आडवं वाहत सुटतं. उतारावर विहीर असली तर ते कुठे निघेल हे वेगळं सांगायला नको.

पाझर चाचणीची पद्धत आहे आणि ती भारतीय मानकातच दिलेली आहे, आयएस २४७०, भाग २. घरी करता येते. शोषचर (टाकीतून निघालेलं पाणी जमिनीत मुरवणारा लांब चर) जितका खोल करायचा तितक्या खोलीपर्यंत दहा ते तीस सेंटीमीटर रुंदीचा खड्डा घ्या, बाजू उभ्या. पहारीने किंवा खुरप्याने खणताना बाजू चोपल्या जातात, म्हणून टोकदार खिळ्याने त्या खरवडून काढा आणि सुटी माती उपसा. तळाला पाच सेंटीमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी. मग खडीच्या वर निदान तीस सेंटीमीटर पाणी भरा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत जागा सोडून द्या.

हा रात्रभराचा भिजवण्याचा भाग लोक गाळतात आणि चाचणीची माती करतात. माती फुगून पावसाळ्यातल्या अवस्थेच्या जवळ यावी म्हणून तो आहे.

दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी शिल्लक असेल तर पातळी खडीवर पंधरा सेंटीमीटरला आणा आणि अर्ध्या तासात किती उतरतं ते मोजा. पाणी उरलं नसेल तर पंधरा सेंटीमीटर भरा, दर अर्ध्या तासाने मोजत आणि लागेल तसं भरत चार तास काढा. शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरायचा, आधीचे सोडून द्यायचे. वाळूसारख्या जमिनीत पंधरा सेंटीमीटर पाणी अर्ध्या तासाच्या आतच संपतं. तिथे दर दहा मिनिटांनी मोजून तासभर करायचं आणि शेवटची दहा मिनिटं धरायची.

आता हिशेब. पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागली, हा तुमचा पाझर दर. समजा शेवटच्या अर्ध्या तासात ७५ मिलिमीटर उतरलं, तर दर १० मिनिटं. २०४ ला या दराच्या वर्गमुळाने भागा. एक चौरस मीटर जमीन रोज किती लिटर पाणी पचवेल ते निघतं. १० मिनिटांना ६५ लिटरच्या आसपास, ३० मिनिटांना ३७, ६० मिनिटांना २६. दर ३० च्या पुढे गेला की शोषखड्डा नको, ६० च्या पुढे गेला तर त्या जमिनीत पाणी मुरवायचा विचारच सोडा.

शंकेखोर

हे सगळं पुस्तकात ठीक. कोकणात शंभर वर्षं लोक खड्डेच वापरतायत आणि विहिरीचंच पाणी पितायत. कोण मेलं? उगाच माणसाला घाबरवून खर्चात पाडायचं. मातीत सगळं शुद्ध होतं हे आपल्या आजीलाही माहीत होतं.

काळ्या_रानाची

शंकेखोर, शंभर वर्षांपूर्वी लोक परसाकडे जायचे ते तांब्याभर पाणी घेऊन. आता फ्लशची टाकी एका झटक्यात सहा ते दहा लिटर सोडते, वर वॉशिंग मशीन आणि दोन बाथरूम. घाण तीच असेल, पण तिला वाहून नेणारं पाणी किती पटींनी वाढलं ते बघा ना. आणि पूर्वी गावात पावसाळ्यात हगवण, कावीळ कशाने यायची याची नोंद कोण ठेवत होतं?

मी अकोल्याकडची. आमच्याकडे दुखणं अगदी उलट. काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेव्हा खड्डा घेऊन पाणी ओता, भेगांमधून असं जातं की वाटावं याहून चांगली जमीन नाही. एकदा का माती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पाणी दोन-दोन दिवस तसंच उभं. आमच्या वाडीत एकाने मे महिन्यात बादली ओतून खड्डा पास केला, आणि पोळ्याला त्याच्या अंगणात चेंबर उलटा वाहत होता. किडा सर म्हणतात ते रात्रभर भिजवणं आमच्याकडे तर सोडूच नका.

आम्ही दोन खड्ड्यांचा संडास केला, मध्ये इंग्रजी वाय आकाराचं चेंबर. काळ्या मातीसाठी खड्ड्याच्या बांधकामाबाहेर चहूबाजूंनी फूटभर जाड खडी-वाळूचा थर द्यायला सांगतात, तो दिला. मोरीचं पाणी त्यात सोडलं नाही. ते वेगळं केळीला जातं. एक खड्डा भरला की तोंड फिरवायचं; दीड-दोन वर्षांनी आधीच्यातलं वाळलेलं खत काढायचं, वास येत नाही. आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला, पाणी मुळात मचूळ, म्हणून पिण्याची विहीर जवळ नाही. तुमच्याकडे तशी मोकळीक दिसत नाही.

पैलतीर

इथे नॉर्थ कॅरोलिनात गावाबाहेर घर घेतलंय, त्यामुळे हे सगळं नुकतंच डोक्यावरून गेलं. बांधकामाचा परवाना मिळायच्या आधी काउंटीच्या आरोग्य खात्याचा माणूस येऊन जमीन बघतो. आधी नुसती पाझर चाचणी चालायची, आता या राज्यात मुख्य भर मातीच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर आहे. तो गिरमिट लावून माती बाहेर काढतो, ओली करून अंगठा आणि बोटामध्ये तिची पट्टी दाबत नेतो, किती लांब जाते बघतो. लांब पट्टी म्हणजे चिकण माती जास्त. मग रंग. एका खोलीनंतर मातीत करडे ठिपके दिसले की त्याने तिथेच टेप लावला: पावसाळ्यात पाणी इथवर चढतं. लोह असलेली माती महिनोन्महिने पाण्याखाली राहिली की हवा न मिळाल्याने करडी पडते. कोरड्या ऋतूतही ती खूण पुसत नाही.

अमेरिकेत अनेक ठिकाणी पाणी इंचाला एका मिनिटापेक्षा वेगाने मुरलं तर जागा साध्या शोषचरासाठी नापास. म्हणजे फार हळू तेही नको, फार वेगाने तेही नको. सड्यावरचा, तुमच्या गवंड्याची बादली इथे पहिल्या फेरीतच बाद झाली असती.

तुम्हीही एक खोल खड्डा घेऊन करडे ठिपके बघा, पावसाची वाट बघायला नको.

भूगर्भातला_किडा

पैलतीर, माहिती पक्की आहे, पण कोकणात ती खूण फसवते. जांभा आणि त्याखालची शेडी माती मुळातच चट्टेपट्टेदार असते: लाल, पिवळी, पांढरट, जांभळट. ते रंग लाखो वर्षांच्या झिजेचे आहेत, यंदाच्या पाण्याचे नाहीत. नवखा माणूस तिथे कुठल्याही खोलीवर बोट ठेवेल.

इथे साधा उपाय म्हणजे निरीक्षण नळी. शोषचराच्या जागेशेजारी तीन मीटर खोल भोक घ्या आणि खालच्या भागात करवतीने फटी पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करा. भोवती खडी भरा, वरचा हातभर भाग चिकण मातीने बंद करा म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी आत घुसणार नाही. तोंडाला झाकण. आषाढ-श्रावणात, सलग पाऊस लागून राहिल्यावर, आत टेप सोडून पाणी किती खाली आहे ते बघायचं. मेमधल्या विहिरीच्या पातळीवरून काही ठरवू नका. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मे आणि ऑगस्टची जमीन एक नसते.

मानकात यासाठी १८० सेंटीमीटरची रेघ आहे. भूजल जमिनीपासून त्याच्या आत येत असेल आणि माती पाझरणारी असेल, तर चर जमिनीत न घेता पूर्ण किंवा अर्धा वर, भरावाच्या उंचवट्यात करायचा. माती दाट असेल, म्हणजे दर ३० ते ६० मध्ये, तर वर बांधलेली गाळणी करून निघालेलं पाणी बागेला किंवा गटाराला. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून शोषव्यवस्था निदान १८ मीटर, म्हणजे साठेक फूट लांब हवी. तुमच्या काकूंची विहीर पन्नास-पंचावन्न फुटांवर आहे म्हणता, म्हणजे गवंड्याची जागा तिथेच संपली. शिवाय हे १८ मीटर मातीसाठी आहेत. भेगाळ खडकात हेच अंतर दुप्पट केलं तरी मी निर्धास्त राहणार नाही.

चहाटळ

थोडक्यात, गवंड्याचा बादली प्रयोग म्हणजे काकूंच्या विहिरीला थेट पाइपलाइन. (चहा ठेवतो, चालू द्या.)

शंकेखोर

बरं, मग बोअर मारा आणि विहिरीचं पाणी सोडा. दोनशे फुटांवर कुठली घाण पोचतेय?

भूगर्भातला_किडा

पोचते. आपल्याकडे बोअरला केसिंग (भोकाच्या आतला आधाराचा पाइप) पक्का खडक लागेपर्यंतच घालतात. केसिंग आणि भोकाच्या भिंतीमधली फट सिमेंटने बंद करणारा बोअरवाला शोधून सापडत नाही. वरचं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं. बेसाल्टमध्येही पाणी भेगांतूनच फिरतं, तिथे गाळणारी माती नसते. खोली म्हणजे शुद्धता नव्हे.

आणखी एक, नायट्रेट. चांगली माती जंतू अडवते, पण मैल्यातल्या नत्राचं नायट्रेट झालं की ते पाण्यासोबत सुखाने खाली जातं. उकळूनही जात नाही, उलट पाणी आटल्यावर प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, तान्ह्या बाळांना त्यापुढे धोका. कोकणात पाऊस ते पातळ करतो, तिथे एवढी चिंता नाही. पण दाट वस्तीच्या गावात घराघराला खड्डा असेल तर एकेकाची जागा पास होऊनही गावाचं पाणी नापास होऊ शकतं.

आरोग्यवाली_ताई

मी गावपातळीवर पाणी तपासणीत काम करते. सड्यावरचा, बांधायच्या आधी काकूंच्या आणि तुमच्या विहिरीचा नमुना घेऊन ठेवा. हे आधी करा, बाकी सगळं नंतर. उद्या पाणी बिघडलं तर ते तुमच्यामुळे की आधीपासूनच, यावर पिढ्यानपिढ्यांचं भांडण लागतं. आमच्या एका वाडीत दोन चुलत घरांचं बोलणं याच कारणाने बंद आहे.

सोपी चाचणी एच-टू-एस बाटलीची. पाणी भरून ठेवायचं, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळं पडलं तर मैल्याचा संशय. पण विहिरीत पालापाचोळा कुजत असेल तरी ती काळी पडू शकते, म्हणून काळी पडल्यावर प्रयोगशाळेत ई-कोलाय तपासून घ्या. मर्यादा साधी आहे, १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याला आणि उपविभागाला आहेत. बाटली निर्जंतुक केलेली त्यांच्याकडूनच घ्या. कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली आणाल तर बाटलीतलेच जंतू मोजले जातील. सोबत क्लोराईड आणि नायट्रेटही करून घ्या. जंतू, क्लोराईड, नायट्रेट तिन्ही एकदम वाढले तर मैलापाण्याकडे बोट जातं. समुद्र जवळ असेल तर नुसत्या क्लोराईडवर जाऊ नका.

सार्वजनिक विहिरींचं स्वच्छता सर्वेक्षण पावसाळ्याआधी आणि नंतर होतं, त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळतं. त्यात शौचालय किती जवळ आहे हा प्रश्न असतोच. खासगी विहिरी यातून सुटतात. जलसुरक्षक सार्वजनिक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. काकूंच्या विहिरीत कोण टाकणार? त्यांना ओटी चाचणी शिकवून ठेवा, क्लोरीन आहे की नाही ते रंगावरून कळतं.

चिरेबंद

बांधकामातला माणूस म्हणून थोडं टाकीबद्दल. सगळी चर्चा शोषखड्ड्यावर चाललीये, पण चिऱ्याची टाकी स्वतःच पाझरते हे विसरू नका. चिरा सच्छिद्र. तळ आरसीसीचा घ्या, भिंतींना आतून दोन हात गिलावा, आणि मगच पुढचं. मातीने बुजवायच्या आधी टाकी काठोकाठ भरून ठेवा आणि पातळीवर खडूने रेघ मारा. भिंत पहिल्यांदा थोडं पिते, म्हणून एक दिवस सोडून पुन्हा भरा आणि मग बघा. उतरली तर गवंड्याला पैसे देऊ नका. आत मध्ये एक आडभिंत घालून दोन कप्पे करा. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांना टी (इंग्रजी टी आकाराचा जोड) लावा, नाहीतर वरची साय सरळ चरात जाते आणि चर वर्षभरात चोंदतो. दोन-तीन वर्षांनी मैला उपसायची गाडी टाकीपर्यंत येईल असा रस्ता ठेवा.

तयार प्लास्टिकची टाकी घेणार असाल तर एक लक्षात असू द्या: भर पावसात भूजल वर आल्यावर ती रिकामी केली तर होडीसारखी वर येते. काँक्रीटने बांधून ठेवावी लागते.

सड्यावरचा

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. चाचणी केली.

गवंड्याच्या जागेत, उघड्या चिऱ्यात: रात्रभर भिजवूनही पंधरा सेंटीमीटर पाणी दोन मिनिटांच्या आत खलास. दुसरा खड्डा घराच्या वरच्या अंगाला, जुन्या आंब्याच्या पलीकडे. तिथे तांबड्या मातीचा थर चांगला आहे, पहार चिऱ्याला लागेपर्यंत दोन मीटरहून जास्त गेली. ७५ सेंटीमीटर खोल खड्डा घेतला. सकाळी पाणी उरलं नव्हतं, म्हणून चार तास मोजत बसलो. शेवटच्या अर्ध्या तासात ६२ मिलिमीटर. म्हणजे दर १२ मिनिटं, आणि चौरस मीटरला रोज ५९ लिटर. बरोबर ना?

माणसं सहा, माणशी ८० लिटर धरले तर ४८० लिटर, म्हणजे आठ चौरस मीटरच्या वर. ६० सेंटीमीटर रुंदीचा चर घेतला तर साडेतेरा मीटरच्या वर लांबी येते. सात मीटरचे दोन चर करावेत असा विचार आहे. ती जागा काकूंच्या विहिरीपासून ३५ मीटरच्या पुढे आहे, आमच्या विहिरीपासून त्याहून लांब. पण उताराच्या वरच्या अंगाला आहे, आणि सांडपाणी तिथवर चढवायला पंप लागेल.

गवंडी सुरुवातीला हसला. खडूची रेघ आणि पैशांचं सांगितल्यावर मात्र गिलाव्याला नीट माणूस आणतो म्हणाला.

भूगर्भातला_किडा

हिशेब बरोबर आहे. चराचा तळच धरायचा असतो, तोच तुम्ही धरलाय. दोन चरांमध्ये निदान पावणेदोन-दोन मीटर सोडा, आणि चर उताराला आडवे, समपातळी रेषेवर घ्या. उताराच्या दिशेने घेतले तर सगळं पाणी खालच्या टोकाला साचून तिथेच फुटेल.

मोरीचं आणि कपड्यांचं पाणी वेगळं काढून माडांना दिलंत तर चराचं काम निम्म्याहून कमी होईल. पंपही छोटा चालेल. पंपाने थोड्या-थोड्या वेळाने पाणी सोडणं चराला चांगलंच असतं, मध्ये माती श्वास घेते. फक्त वीज गेल्यावर एक-दोन दिवसांचं पाणी मावेल एवढा पंपाचा कप्पा ठेवा. पावसात तुमच्याकडे वीज किती टिकते ते तुम्हाला माहीत आहे.

आता राहिली निरीक्षण नळी. ती याच आठवड्यात बसवा. घरभरणी दिवाळीनंतर आहे, तर चर आत्ता खणूच नका, टाकी बांधा. ऑगस्टमध्ये नळीतलं पाणी १८० सेंटीमीटरच्या आत आलं तर हाच चर वर, वाळूच्या भरावावर घ्यावा लागेल. भरावाला वाळू धुतलेली जाड हवी, डबर नको, आणि खाडीची तर अजिबात नको.

आरोग्यवाली_ताई

आणि नमुना? चाचणीच्या गडबडीत तो राहिला का?

सड्यावरचा

नाही ताई, दोन्ही विहिरींचा दिला. आमची बाटली तशीच राहिली, काकूंची दुसऱ्या दिवशी काळी पडली. त्यांच्या विहिरीला कठडा नाही आणि वर जांभळाचं झाड आहे, त्यामुळे पाला की आणखी काही हे प्रयोगशाळेतूनच कळेल. तोवर पाणी उकळून प्या म्हणून सांगितलंय. त्यांचा स्वतःचा खड्डा विहिरीपासून किती अंतरावर आहे तेही मोजायला घेतलं, तर काकू म्हणाल्या, “आधी चहा घे, मग माझा खड्डा मोज.” टेप कमी पडला नाही एवढं सांगतो. तीस फूटही भरलं नाही.

काळ्या_रानाची

मग कठड्याचं काम आणि त्यांचा खड्डा हलवणं तुमच्याच गवंड्याकडून एकदम करून घ्या. एकाच खेपेत वाळू-खडी येईल, भाडं वाटून घेता येईल. त्यांच्या जागेत तांबडी माती किती खोल आहे ते आधी बघा मात्र.